डॉक्टर हवाच, पण खिडकीमागचा माणूसही हवा

आपल्या महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की एकच मागणी पुढे येते : डॉक्टर द्या. मागणी खरी आहे. वरच्या वाडीवरून आजारी माणूस डोलीतून खाली आणायचा, गाडी मिळवायची, दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर नाही म्हटल्यावर तशीच पुढची वाट धरायची, हे आपल्या वाट्याला किती वेळा आले ते कुणाला सांगायला नको. पण त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे कोण बसते, त्याचे पद कोणते, त्याची जागा भरलेली आहे की रिकामी, असा प्रश्न ग्रामसभेत विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. तलाठ्याचे नाव आपल्याला पाठ असते. ग्रामसेवकाचा मोबाईल नंबर पाठ असतो. दवाखान्यातल्या कारकुनाचे नाव विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. औषधोपचार करणे डॉक्टरचे काम. पण तो उपचार झाला हे कागदावर आणणे, ती नोंद सांभाळणे आणि मागाल तेव्हा तिची खरी प्रत देणे हे दवाखान्याच्या कार्यालयाचे काम आहे. हे दुसरे काम ढिले पडले तर माणूस बरा होऊन घरी येईल, पण त्याच्या हक्काचे पैसे आणि दाखले खिडकीतच अडकून राहतील. आणि माणूस दगावला, तर घरच्यांच्या दुःखात हेलपाट्यांची भर पडेल.

तुम्ही म्हणाल, साहेब, तुम्ही शेतीखात्याचे. भात, नाचणी, वरीचे बोला. दवाखान्याचा कारकून तुमच्यात कुठून आला? तो आला अपघाताच्या फायलीतून.

दोन लाखांची एक ओळ

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना तुम्हाला ऐकून माहीत आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चालायची. एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने कंपनी मधून काढली आणि अनुदान थेट शासनाकडून देण्याचे ठरले. वहितीधारक खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातला खातेदार नसलेला एक सदस्य, वय 10 ते 75, अपघाताने मरण पावला तर वारसाला 2 लाख रुपये. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव गेला तरी 2 लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. अपघातात वीज पडणे, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, उंचावरून पडणे, औषध फवारताना झालेली विषबाधा, जनावराचा हल्ला, सर्पदंश, विंचूदंश हे सगळे येते. बाळंतपणात आई दगावली तर तेही येते. प्रस्ताव 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा, म्हणजे आमच्याकडे. पुढे तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते.

आता फायलीत काय लागते ते बघा. सातबारा, वारसाची नोंद, वयाचा पुरावा हे महसूलकडून आणि घरातून मिळते. पंचनामा पोलिसांकडून मिळतो. पण मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांचे मूळ दवाखान्यात असते. विषबाधा असेल तर व्हिसेराचा अहवालही लागतो. हात-पाय गेला असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे निम्मी फाईल आरोग्य खात्याच्या कारकुनाच्या हातून जाते.

माझ्या कामाच्या भागातले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही, दवाखान्याचेही नाही. कापणीनंतर पेंढा रचताना एका शेतकऱ्याला साप चावला. शेजारच्या पोरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले. खिडकीवर नाव विचारले, तर पोरांनी गावात हाक मारतात ते नाव सांगितले. कारकुनाची जागा रिकामी होती, केसपेपर परिचराने लिहिला. जे ऐकले ते त्याने लिहिले, त्याचा काय दोष? तिथून पुढच्या रुग्णालयात पाठवले, तर संदर्भ चिठ्ठीवर तेच नाव. माणूस वाचला नाही. शवविच्छेदनाच्या अहवालावरही तेच नाव. सातबाऱ्यावर मात्र आजोबांच्या काळापासून चालत आलेले लांबलचक नाव, आणि आधारवर तिसरेच. आमच्या कार्यालयातून फाईल त्रुटीत निघाली. मग सरपंचाचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, रुग्णालयातून दुरुस्ती आणा. तिथे गेले की म्हणायचे, रजिस्टर ज्याच्याकडे आहे तो मीटिंगला गेलाय, परवा या. विधवा बाई, पदरात दोन पोरे, एस.टी.चे भाडे खर्चून किती वेळा 'परवा' येणार? पैसे शेवटी मिळाले. पण तोवर दावणीची दुभती म्हैस विकून झाली होती.

या सगळ्यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी मुद्दाम अडवले नाही. फक्त पहिल्या रात्री पहिली ओळ नीट लिहिणारा माणूस खुर्चीत नव्हता.

खिडकीमागे कोण असते

म्हणून आधी दवाखान्याचा कारभार कसा चालतो ते समजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते. डोंगरी भागात 20 हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि 3 हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य शासनाच्या आरोग्य विभागाचे, 30 खाटांचे. केंद्राच्या कामाबद्दल बोलायचे तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याशी, आणि रुग्णालयाबद्दल बोलायचे तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांशी व पुढे अलिबागला जिल्हा शल्य चिकित्सकांशी. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या दारात टाकून आपण महिना महिना वाट बघत बसतो.

केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याखेरीज औषध निर्माण अधिकारी असतो. त्याला आपण 'गोळ्या देणारा' म्हणतो. पण औषधाचा साठा, तारीख संपत आलेली औषधे, पुढची मागणी हा हिशेब त्याच्याकडे असतो. सर्पदंशाच्या लशीच्या किती कुप्या आल्या, किती वापरल्या, किती उरल्या हे त्याच्या वहीत आणि ई-औषधीच्या संगणकात जुळले नाही, तर पुढची मागणी चुकते. मागणी चुकली की ऐन लावणीत आपल्याला ऐकावे लागते, 'लस शिल्लक नाही, पुढे न्या.' म्हणजे ही वही आपल्या जिवाशी बांधलेली आहे.

आरोग्य सहाय्यक आणि सहाय्यिका उपकेंद्रांच्या कामावर देखरेख ठेवतात, साथीची माहिती गोळा करून वर पाठवतात. प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ रक्त-थुंकीच्या तपासण्यांचे रजिस्टर ठेवतो. कनिष्ठ सहाय्यक, म्हणजे आपला कारकून, आवक-जावक, पगारबिले, सेवापुस्तके, गाडीच्या डिझेलचे बिल, मागणीपत्रे आणि वरून आलेल्या पत्रांची उत्तरे सांभाळतो. संगणकावर माहिती भरणारा बहुतेक कंत्राटी असतो. खाली उपकेंद्रात आरोग्य सेविकेच्या गळ्यात गरोदर माता, लसीकरण आणि कुटुंबकल्याणाची रजिस्टरे असतात, आणि आता तीच माहिती संगणकावरही भरायची असते.

यातली एक खुर्ची रिकामी झाली की काम थांबत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर पडते. कारकून नसेल तर बिले डॉक्टर करतो. बिले करणारा डॉक्टर तेवढा वेळ रुग्णाला मिळत नाही. संगणकवाला नसेल तर नर्सबाई रात्री मोबाईलवर माहिती भरत बसते, तिची लसीकरणाची फेरी मागे पडते. म्हणजे 'डॉक्टर द्या' म्हणून आपण जी बोंब मारतो, तिचा एक उपाय कारकुनाची जागा भरण्यातही आहे. असलेला डॉक्टर तरी डॉक्टरकी करील.

बिरवाडीच्या नोंदींनी काय केले

कागदाचे मोल किती ते आपल्याच तालुक्याने जगाला दाखवले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की, विशेषतः लहान मूल असले, तर वाचेल याची खात्री नसे. शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातपाय गार पडणे, धाप लागणे हे वेळेसह लिहून ठेवायला सुरुवात केली. त्या निरीक्षणांवरचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशाला वापरली आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळीचे कौतुक सगळे करतात. पण त्या गोळीच्या आधी नोंद होती. कोणत्या मुलाला किती वाजता विंचू चावला, किती वाजता आणले, तेव्हा रक्तदाब किती होता हे लिहिलेच नसते, तर डॉक्टरला तरी काय कळणार होते? एका माणसाने ध्यास घेऊन स्वतः लिहिले म्हणून हे झाले. पण प्रत्येक केंद्राला ध्यास घेतलेला डॉक्टर मिळेल या भरवशावर सरकारी व्यवस्था चालत नाही. त्यासाठी पद असते, पगार असतो, रजिस्टर असते.

आजही तेच आहे. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना कळवले की सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा. कारण उघड आहे. कुठल्या खोऱ्यात फुरशाचे रुग्ण जास्त, कुठे मण्यारीचे, कुठे घोणशीचे हे कागदावर आले तरच लस तिकडे जाईल. सावित्री-कामथीच्या खोऱ्यात साप चावलेला माणूस वहीत 'इतर रुग्ण' म्हणून चढला, तर मुंबईच्या हिशेबात आपल्याकडे साप चावतच नाही.

जन्माचा कागद आणि चाकरमान्यांचे रेशनकार्ड

दुसरी गोष्ट जन्माच्या नोंदीची. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणजे माहेरच्या गावात किंवा त्या बाजूच्या रुग्णालयात. आईचे आधार माहेरच्या नावाचे, रेशनकार्ड सासरचे आणि केसपेपरवर आजीने सांगितलेले नाव! पाच वर्षांनी पोर शाळेत घालायच्या वेळी या सगळ्याचा गुंता बाहेर येतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे. त्यात 2023 मध्ये बदल झाला. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. 'मास्तरांना सांगून तारीख घालू' हे दिवस गेले.

नोंद 21 दिवसांत करायची. उशीर झाला तर शुल्क, महिन्यानंतर लेखी परवानगी, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवायची नसते. नाव वर्षभरात फुकट घालता येते, पुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. हे सगळे बाळंतीण घरी जायच्या आधी पाच मिनिटांत समजावून सांगणारा माणूस खिडकीवर असेल, तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात.

तिसरी गोष्ट मोठ्या आजाराची. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन जायचे असते. आपल्याकडे घरटी एखादा तरी मुंबईला असतो. म्हातारा-म्हातारी गावात आणि त्यांचे नाव मुलाच्या मुंबईच्या कार्डावर, किंवा नेमके उलटे. शस्त्रक्रिया ठरल्यावर कार्ड शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

22 जुलै 2021 आपण विसरलेलो नाही. महाडची बाजारपेठ पाण्यात गेली, तळीयेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत डोंगर खाली आला. ज्यांची घरेच गेली त्यांच्याकडे कागद कुठून असणार? अशा वेळी घरातला दाखला हरवला तरी सरकारी रजिस्टरातली नोंद राहते आणि तिच्यावरून नवी प्रत मिळते. पण ती नोंद नीट केलेली आणि कोरड्या जागी ठेवलेली पाहिजे.

कारकुनाचीही बाजू ऐका

खिडकीवरच्या माणसाचे उर्मट बोलणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याची तरफदारी मी करणार नाही. पण खिडकीच्या अलीकडे आपणही कसे असतो ते बघा. आजारी माणसाबरोबर पाच जण येतात, पाचही जण एकदम बोलतात, आणि वय विचारले की 'असंल पन्नास-साठ' म्हणतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत. चांगली गोष्ट झाली. पण फुकटचा कागद म्हणून तो तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात चुरगळतो.

आणि एक गोष्ट मी माझ्या खात्याच्या अनुभवावरून सांगतो. संगणक आला म्हणून वही गेली असे होत नाही. आधी वहीत लिहायचे, मग संगणकात भरायचे, मग मोबाईलवर फोटो पाठवायचा. माणसे तेवढीच, कामे तिप्पट. वर डोंगराआड रेंज नाही. अशा माणसाला नुसते 'कामचुकार' म्हणून चालणार नाही. त्याला जोडीदार द्या, शिकवा, आणि मग जाब विचारा.

आता करायचे काय

घरात प्रत्येकाच्या नावाचा एकच मेळ करा. आधार, सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक पुढ्यात घेऊन बसा आणि नाव कुठे कसे आहे ते बघा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे, आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, अर्ज द्या. हे काम गणपतीत किंवा शिमग्याला मुंबईची मंडळी घरी असताना करावे. आधारच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ खुंटीला लावा. रात्री धावपळीत तीच पिशवी हाताला लागेल.

दवाखान्यात नेताना कागद जाणणारा एक जण बरोबर घ्या. आधी उपचार सुरू होऊ द्या, कागदासाठी त्याला थांबवू नका. पण खिडकीवर नाव सांगताना आधारवरचे पूर्ण नाव सांगा आणि लिहिलेले वाचून घ्या. साप, विंचू, वीज, फवारणीचे औषध, झाडावरून पडणे, यातले जे झाले ते केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्या. नुसते 'अत्यवस्थ' लिहून चालत नाही. रुग्ण पुढे पाठवला तर संदर्भ चिठ्ठी आणि घरी सोडला तर डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय दार सोडू नका. दुर्दैवाने माणूस गेला, तर 'चिरफाड नको' म्हणून अंगाची घाई करू नका. अपघाती मृत्यूची खबर पोलिसांना द्या. ते दुःख मी समजू शकतो, पण मागे राहिलेल्यांचा हक्क त्या अहवालावर ठरतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्रातली मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती ही माहिती मागवा आणि वाचून दाखवा. नुसती डॉक्टरांची नको, कारकुनापासून परिचरापर्यंत सगळ्यांची. ठराव करताना 'डॉक्टर मिळावा' एवढेच न लिहिता 'कनिष्ठ सहाय्यकाचे पद भरावे' हेही लिहा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी असतात, हा विषय त्यांच्या कानी घाला. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार याचा फलक कार्यालयात लावायचा असतो. दाखल्याला उशीर झाला तर त्या फलकावरच अपिलाचा अधिकारी कोण ते लिहिलेले असते. फलक नसेल तर मागा.

शासनाकडे मागणे एकच. डोंगरी तालुक्यात लिपिकाचे पद रिकामे ठेवणे म्हणजे बचत, हा हिशेब सोडून द्या. वाचलेला एक पगार गोरगरिबांच्या शेकडो हेलपाट्यांतून वसूल होतो, फक्त तो सरकारी वहीत दिसत नाही. आणि अपघाताच्या प्रकरणात आरोग्य, महसूल, पोलीस आणि कृषी या चार खात्यांच्या माणसांनी महिन्यातून एकदा तालुक्याला एकत्र बसून अडलेल्या फायली उघडाव्यात. चार कार्यालये एकाच गावात असतात. त्यांच्यातले अंतर त्या विधवेने एस.टी.ने का तोडायचे?

पेरणीआधी आपण बियाण्याची पिशवी फोडतो, पण बिल आणि लेबल जपून ठेवतो, उगवले नाही तर दाद मागता यावी म्हणून. हे तुम्हाला आम्हीच शिकवले आणि तुम्ही ते ऐकले. मग माणसाच्या बाबतीत एवढे बेफिकीर कशाला राहायचे? पुढच्या ग्रामसभेत डॉक्टर मागाच. त्याच ठरावात खिडकीमागचा माणूसही मागा.